वाळूवरची घरे

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील हॅटरस बेटावर, बक्स्टन या गावी, ३० सप्टेंबर २०२५ रोजी तासाभराच्या आत पाच घरे समुद्रात कोसळली. सुदैवाने ती रिकामी होती. २०२० पासून या बेटावरील वीसहून अधिक घरांची हीच गत झाली आहे. वार्ता दूरदेशीची खरी; पण आपल्या कोकणालाही ती विचार करावयास लावणारी असल्याने तिचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

हॅटरस हे खडकाचे बेट नव्हे. मुख्य भूमीपुढे बांधासारखी पसरलेली ती वाळूची चिंचोळी पट्टी होय. एका अंगास अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगास पॅम्लिको साउंड ही विस्तीर्ण खाडी. वादळात समुद्र पुढची वाळू उचलून पाठीमागे टाकतो आणि बेट हळूहळू भूमीकडे सरकते. सरकणे हाच त्याच्या टिकण्याचा मार्ग. मनुष्याने मात्र तेथे रस्ते व घरे बांधून बेटाने जागच्या जागी उभे राहावे, अशी अपेक्षा धरली. समुद्राची पातळी वाढू लागताच ती अपेक्षा किती पोकळ होती, हे उघड झाले.

शहाणपणाचा धडाही याच बेटाने दिला आहे. तेथील १८७० सालचा दीपस्तंभ किनाऱ्यापासून सुमारे १५०० फूट दूर होता. १९७० पर्यंत हे अंतर अवघ्या १२० फुटांवर आले. दीर्घ वादानंतर १९९९ मध्ये तो अखंड दीपस्तंभ २९०० फूट मागे नेण्यात आला. घरांच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटला. सरकारी पूरविम्याची भरपाई घर पडल्यावर मिळते, ते वेळीच हलविण्यासाठी मिळत नाही. १९८७ मध्ये तशी मुभा होती. १९९४ च्या कायद्याने ती काढून घेतली. मालकाने घर पडण्याची वाट पाहावी आणि त्याचे खिळे, काचा व मैला किनाऱ्यावर पसरावा, हाच याचा व्यवहारातील अर्थ!

मालवणनजीकचे देवबाग असेच कर्ली नदी व अरबी समुद्र यांच्यामधील वाळूच्या पट्टीवर वसले आहे. फरक इतकाच, की हॅटरसवरील पडलेली घरे बहुतांशी सुटीत भाड्याने देण्याची होती. देवबागची घरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची आहेत. तेथील ग्रामस्थ धूपप्रतिबंधक बंधारा मागतात, त्यात गैर काही नाही. पण बंधारा थोडी मुदत मिळवून देतो, कायमचे अभय देत नाही. त्याच्या दगडांपुढची पुळण बहुधा ओसरत जाते. अशा स्थितीत २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागांत भरतीरेषेपासूनची बांधकामबंदी २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणावी, हे दूरदृष्टीचे लक्षण नव्हे.

बंधाऱ्याने मिळालेली मुदत सरकारने वाया दवडू नये. नवी बांधकामे मागेच रोखावीत. आणि ज्यांना हलावे लागेल, त्यांच्यासाठी होड्या व जाळी सांभाळता येतील अशी जागा त्यांच्याच संमतीने आजच राखून ठेवावी. घर पडल्यावर दिलेला पैसा ही भरपाई. पडण्यापूर्वी दिलेली जागा हेच खरे संरक्षण.