दोन दळांचा ताळेबंद

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं आमचा धाकटा नातू इतिहासाची वही घेऊन ओसरीवर आला. पानाच्या मधोमध रेघ ओढून त्यानें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत झालेल्या यादवी युद्धांतील दोन्ही पक्षांचें बल लिहून काढिलें होतें. गुलामगिरी टिकावी म्हणून फुटून निघालेलीं दक्षिणेकडील ११ राज्यें एका बाजूस, आणि संघराज्य राखूं पाहणारी उत्तर दुसऱ्या बाजूस. “आजोबा, चांगले सेनापति दक्षिणेकडे, आरंभींच्या मोठ्या लढायाही बहुधा तिनेंच जिंकल्या, मग हरली ती कशी?” असें त्यानें विचारिलें.

प्रश्न चांगला होता. गीतेच्या पहिल्या अध्यायांत दुर्योधनही द्रोणाचार्यांपुढें दोन्ही सैन्यांतील वीर मोजून दाखवितो. त्याची मोजणी चुकली नव्हती. मोजावयाचें सर्व तींत आलें नव्हतें, इतकेंच. म्हणून मीं नातवाच्या हातीं कौटिल्याचें माप दिलें. उत्साहशक्ति म्हणजे शौर्य व तडफ, प्रभुशक्ति म्हणजे कोश व सैन्य, आणि मंत्रशक्ति म्हणजे विचारपूर्वक केलेली मसलत. यांत पहिलीहून दुसरी व दुसरीहून तिसरी श्रेष्ठ, असें त्याचें मत आहे.

उत्साहांत दक्षिण उणी नव्हती. ली व जॅक्सन यांच्यासारखे सेनानी तिला लाभले होते. जुलै १८६१ मध्यें बुल रन येथें उत्तरेचें सैन्य वॉशिंग्टनकडे पळत सुटलें. शिवाय दक्षिणेस कोणाचा मुलूख जिंकावयाचा नव्हता. स्वतःचा विस्तीर्ण प्रदेश राखून शत्रूस कंटाळविलें कीं तिचें काम झालें. उलट उत्तरेचे आरंभींचे सेनापति फार जपून पाऊल टाकणारे निघाले. लिंकन यांनीं एकामागून एक बदलले, तेव्हां कोठें मार्च १८६४ मध्यें सर्व सैन्याची सूत्रें ग्रँट यांच्या हातीं आलीं. त्या सालच्या उन्हाळ्यापर्यंत उत्तरेची प्रजा युद्धास इतकी विटली होती कीं, लिंकन पुन्हां निवडून येतील कीं नाहीं याचीच शंका होती. सप्टेंबरांत शर्मन यांनीं अटलांटा घेतलें आणि वारें फिरलें.

प्रभुशक्तींत मात्र दोघांची बरोबरीच नव्हती. उत्तरेकडे सुमारें २ कोटि २० लक्ष माणसें. दक्षिणेकडे सुमारें ९० लक्ष, त्यांतलीं ३५ लक्ष गुलाम. देशांतील सुमारें ३०,००० मैल लोहमार्गांपैकीं दक्षिणेच्या वांट्यास ९,००० मैल. त्यांतही रुळांची रुंदी ठिकठिकाणीं निराळी, त्यामुळें माल वाटेंत उतरून पुन्हां चढवावा लागे. कारखाने व आरमार बहुतेक उत्तरेकडेच. त्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें हळूहळू कोंडलीं.

ही उणीव दक्षिणेच्या मुत्सद्द्यांस ठाऊक नव्हती असें नाहीं. त्यांचा भरंवसा कापसावर होता. युद्धापूर्वीं इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेंतून येई. तो अडविला कीं इंग्लंड आपण होऊन मदतीस धांवेल, अशी त्यांची मसलत. परंतु इंग्लंडच्या वखारींत जुना साठा होता. पुढें मिसर व हिंदुस्थान येथून कापूस येऊं लागला. मुंबईंत भाव कित्येक पटींनीं चढले, शेअरांचा जुगार माजला आणि १८६५ मध्यें युद्ध संपल्याची वार्ता येतांच अनेक पेढ्या धुळीस मिळाल्या. ज्या मसलतीनें दक्षिण तरावयाची, तिनें मुंबईला आधीं चढविलें व मग पाडलें. दक्षिणेला मात्र कांहींच दिलें नाहीं.

इतकें झाल्यावर मीं वहींतील एका ओळीवर बोट ठेविलें. “३५ लक्ष गुलाम” हे नातवानें दक्षिणेच्या बलांत लिहिले होते. धन्यांनींही तसेंच लिहिलें होतें: हे शेतें पिकवितील, खंदक खणतील, आणि गोरे तरुण लढावयास मोकळे राहतील. आरंभीं तसें घडलेंही. परंतु मे १८६२ मध्यें चार्ल्सटनच्या बंदरांत रॉबर्ट स्मॉल्स नांवाच्या गुलाम सुकाणूदारानें, कप्तान किनाऱ्यावर असतां, दक्षिणेचें जहाज पहांटे हांकारलें, वाटेंत स्वतःच्या बायकामुलांस घेतलें, आणि किल्ल्याच्या तोफांखालून तें थेट उत्तरेच्या आरमारास नेऊन दिलें. १ जानेवारी १८६३ रोजीं लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा निघाला. पुढें सुमारें १,८०,००० काळे शिपाई उत्तरेच्या सैन्यांत लढले.

शेवटीं दक्षिणेतही गुलामांना शिपाई करावें असा विचार निघाला. तेव्हां जॉर्जियाचे हॉवेल कॉब यांनीं जानेवारी १८६५ मध्यें लिहिलें कीं, गुलाम चांगले शिपाई ठरले तर गुलामगिरीविषयींचें आपलें सारें तत्त्वच खोटें ठरेल. विरोध करतांना खरें तेंच ते बोलून गेले. मार्चमध्यें कायदा झाला. ९ एप्रिल रोजीं ली यांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. तोंवर दोन्हीकडचे मिळून सहा लाखांहून अधिक शिपाई मेले होते.

बाहेरच्या शत्रूपेक्षां आंतला कोप अधिक घातक, घरांतल्या सापासारखा, असें कौटिल्य सांगतो. मात्र येथें साप गुलाम नव्हते. धन्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला अन्याय हाच तो साप.

हें दूर देशींचें म्हणून वही मिटावी, तर तसेंही करितां येत नाहीं. १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंत गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केलें. त्यांतील बोट आमच्यासारख्या घरांकडे आहे. तरुणपणीं तें वाचून मला राग आला होता. मुलांस इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेलें, तेव्हां कळलें कीं हिशेब तपासणारावर रागावून हिशेब जुळत नाहीं. ज्यांच्या कष्टांवर आपण उभे आहों, त्यांना आपण आपल्या बलांत धरितों. ते आपल्याला आपले मानतात काय, हें विचारीत नाहीं. हा प्रश्न देशाला जसा, तसाच एका चुलीवर जेवणाऱ्या मोठ्या कुटुंबालाही आहे.

नातवानें ती ओळ खोडली आणि पलीकडच्या रकान्यांत लिहिली. मग थोडें थांबून त्यानें “गुलाम” हा शब्द काढून तेथें “माणसें” असें केलें. मीं त्याला कांहीं सांगितलें नव्हतें.