हंगाम त्यांचा, दंड आमचा

मैत्रिणींनो, फुटबॉल हा काही आपल्या अंकाचा नेहमीचा विषय नव्हे. मारहाण, पोटगी, रेशन, कंत्राटी कामगार बायकांचा थकलेला पगार यांतून जागा उरली तर खेळ, असेच आपल्या चळवळीत चालत आले आहे. अंबरनाथ एमआयडीसीच्या कडेला असलेल्या वस्त्यांमध्ये मी किशोरींचे गट चालवते. तिथल्या कामाच्या आधारावर मी म्हणते की मैदान हा चैनीचा प्रश्न नाही. बाईच्या वेळेवर, शरीरावर आणि सार्वजनिक जागेवर मालकी कोणाची, हा तो प्रश्न आहे.

सध्या नाक्यावरची पोरे इंडियन सुपर लीगच्या पुढच्या हंगामाच्या गप्पा मारतात. देशातल्या या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा २०२५-२६ चा हंगाम कसा अडला ते आपण वाचले. महासंघाचा २०१० साली झालेला पंधरा वर्षांचा व्यापारी करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. पुढे काय, हे ठरेना म्हणून जुलै २०२५ मध्येच हंगाम लटकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. व्यापारी हक्कांसाठी निविदा काढली, ती भरायला कोणी आले नाही. शेवटी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी घोषणा केली आणि १४ फेब्रुवारी २०२६ रोजी १४ संघांचा आखूड हंगाम सुरू झाला. खेळाडूंचे पोट त्यावर होते, तेव्हा त्यांची काळजी वाहिली गेली हे योग्यच झाले.

पण पुरुषांचा हंगाम काही महिने लांबला तर ते राष्ट्रीय संकट ठरते. बायकांच्या लीगमध्ये अनिश्चितता हीच रीत आहे, आणि तिला संकट म्हणायचेही कोणाला सुचत नाही. भारतीय महिला लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली. पहिली कित्येक वर्षे तिची अंतिम फेरी एखाद्या ठिकाणी काही आठवड्यांत उरकली जाई. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर रीतसर सामने व्हायला २०२३-२४ उजाडावे लागले. एरवीच्या महिन्यांत त्या खेळाडूंनी काय खायचे, हे कोणी विचारले नाही.

इतिहासातल्या तीन गोष्टी एकापुढे एक मांडून पाहा.

करोनाच्या काळात २०२०-२१ चा पुरुषांचा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना, कडेकोट बंदोबस्तात पार पडला. मुंबईचा संघ विजेता ठरला. त्याच वर्षीची महिला लीग रद्द झाली. साथ एकच, देश एकच, महासंघही एकच.

ऑगस्ट २०२२ मध्ये महासंघाच्या कारभारातल्या भांडणांमुळे फिफाने भारताला निलंबित केले. गोकुलम केरळच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परतावे लागले. खुर्च्यांसाठी भांडले पुरुष, आणि बॅगा उचलल्या मुलींनी.

तिसरी गोष्ट तर मासलेवाईक आहे. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात एका गोलवरून वाद झाला आणि केरळ ब्लास्टर्सचा पुरुष संघ मैदान सोडून निघून गेला. महासंघाने क्लबला चार कोटी रुपये दंड केला. जूनमध्ये क्लबने जाहीर केले की आर्थिक अडचणीमुळे महिला संघ तूर्त थांबवत आहोत. तो संघ सुरू होऊन धड वर्षही झाले नव्हते. मैदान सोडले पुरुषांनी, आणि मैदान सुटले बायकांचे.

हा नियम आपल्याला नवा आहे का? कारखान्यात मंदी आली की पहिल्यांदा पॅकिंगच्या बायकांना ‘उद्यापासून येऊ नका’ सांगतात. बाप दारूत पगार उडवतो आणि शाळा सुटते ती मुलीची. घर असो, कारखाना असो की क्लब, खर्चात कपात करायची वेळ आली की कात्री कुठे चालवायची हे आधीच ठरलेले असते. पितृसत्ता म्हणजे काही भाषणातला जड शब्द नव्हे. जमाखर्चाच्या वहीत ती रोज लिहिली जाते.

यावर ठरलेले उत्तर येते की बायकांचे सामने बघतो कोण? त्यांना इतिहास सांगावा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात डिक-कर नावाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांनी आपला संघ काढला. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलला त्यांच्या सामन्याला ५३,००० प्रेक्षक होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. फुटबॉल हा खेळ बायकांना योग्य नाही, असे कारण दिले. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. म्हणजे प्रेक्षक नव्हते म्हणून खेळ थांबला नाही. प्रेक्षक आले म्हणून तो थांबवला गेला.

आयुध निर्माणीच्या आमच्या अंबरनाथला ही गोष्ट परकी वाटू नये. आमच्या गटातल्या मुली कामगारांच्याच मुली आहेत. काही स्वतःच कामगार आहेत. आनंदनगरकडच्या कारखान्यांत औषधांचे, रसायनांचे, इंजिनिअरिंगचे काम चालते. रस्त्यावर दिवसरात्र टँकर आणि ट्रक. पटांगण म्हणून जे काही आहे त्यावर दुपारपासून मुलांचे क्रिकेट. मुलगी मोकळी होते ती पाणी भरून, भाकऱ्या टाकून, धाकट्याला झोपवून. तोवर अंधार पडतो, आणि तिथे दिवा नसतो. मुतारी आहे ती पुरुषांची. सहा वाजले की घरून हाक येते.

आता गंमत पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने संमती घेऊन बाईला रात्रपाळीत कामाला लावायची मुभा मालकाला दिली आहे. सुरक्षिततेची व्यवस्था करायची अटही आहे. म्हणजे रात्री दहा वाजता मशीनवर उभी राहिलेली बाई चालते. संध्याकाळी सात वाजता चेंडूमागे धावणारी मुलगी मात्र चालत नाही! तिचे शरीर मालकाच्या कामी येईल तोवरच अंधार सुरक्षित, तिच्या स्वतःच्या आनंदासाठी असेल तर धोकादायक. हा कुठला न्याय?

धोका खोटा आहे असे मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या बदलापुरात शाळेतच चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला आणि लोक रुळांवर उतरले. फुटबॉलही यातून सुटलेले नाही. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावे लागले. मार्च २०२४ मध्ये गोव्यात महिला लीगच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेदरम्यान दोन खेळाडूंनी महासंघाच्या एका कार्यकारिणी सदस्याविरुद्ध मारहाणीची तक्रार केली. त्याला अटक झाली. पण अशा प्रत्येक घटनेनंतर कुलूप लागते ते मुलीच्या दाराला. गुन्हा करणाऱ्याचे फिरणे बंद होत नाही, आमचे होते.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरला पाहिजे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ या शब्दात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे येते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. बाकीच्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आपल्या भागातल्या किती क्रीडा अकादम्यांत या समितीचा फलक आहे? जाऊन पाहा आणि विचारा.

पैसे नाहीत, हेही ऐकून घेऊ नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात आणि खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत आहे. प्रत्यक्षात काय होते? आठ मार्चला गुलाबाचे फूल, टी-शर्ट, एक दिवसाची स्पर्धा, बॅनरसमोर फोटो. नऊ मार्चला चेंडू कपाटात. अशा उपकाराला आपण ठाम नकार दिला पाहिजे. आम्हाला समारंभ नको, वर्षभराचे वेळापत्रक हवे.

खेळली की बाई मुक्त झाली, असा माझा भाबडा दावा नाही. एप्रिल २०२३ मध्ये महासंघाने ठरवले की महिला लीगच्या प्रत्येक संघाने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा. आठ संघ धरले तर सबंध देशात ऐंशी जणी. बाकीच्या लाखो मुलींना लीगमध्ये नोकरी मिळणार नाही, हे उघड आहे. आणि आपल्या राज्याचे म्हणाल, तर पहिल्या महिला लीगमध्ये उतरलेला सुपर लीगचा एकमेव क्लब पुण्याचा होता. तो २०१९ मध्ये बंदच झाला. २०२३-२४ आणि २०२४-२५ च्या वरच्या श्रेणीत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. तरीही जुलै २०२५ मध्ये याच देशाच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ ने हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. पुरुष संघ त्याच काळात धडपडत होता.

म्हणून येत्या हंगामाच्या तोंडावर गटांनी पुढील मागण्यांचे ठराव करावेत, असा माझा प्रस्ताव आहे.

पुरुष संघाला लीगमध्ये प्रवेश हवा असेल तर क्लबने महिला संघ चालवलाच पाहिजे, आणि पुरुष संघाच्या दंडापोटी त्याच्या पैशाला हात लावता कामा नये. एमआयडीसी आणि नगरपालिका यांनी त्यांच्या खुल्या जागांपैकी निदान एक मैदान आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवावे, तिथे दिवे, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह असावे. प्रत्येक अकादमीत तक्रार समिती आणि स्त्री प्रशिक्षक असावी. कंपन्यांनी खेळावर केलेला खर्च मुलगे-मुली असा वेगळा जाहीर करावा.

या मागण्या घेऊन निवेदने द्यायला जाल तेव्हा साहेब हसतील. ‘ताई, पाण्याचे काय ते बोला, हे फुटबॉल कुठून काढलेत?’ असे विचारतील. पाण्याचेही बोलू, मैदानाचेही बोलू. पाणी भरण्यातून सुटलेला तास आमच्या मुलीचा आहे, आणि तो तास घालवायला जमिनीचा तुकडाही तिला हवा आहे. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहा.