एकतीस मतं



बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. पण निवडणुकीवर लिहायला बसलं की आपोआप आवाज चढतो, म्हणून टाळत होतो. आता धुरळा खाली बसलाय, नखावरची शाईही गेली. तेव्हा लिहितो.

२ डिसेंबर २०२५, मंगळवार. आमच्या सटाणा नगरपरिषदेचं मतदान. मी मतदानाला इस्त्रीचा शर्ट घालून जातो, यावरून घरात दरवेळी हशा होतो. ही सवय दादांची, म्हणजे वडिलांची. ते प्राथमिक शिक्षक. उभ्या नोकरीत इलेक्शन ड्युटी चुकली नाही, आणि मतदानाच्या दिवशी ते लग्नाला निघाल्यासारखे निघायचे.

मत देऊन घरी आलो, जेवलो, जरा पडलो. उठतो तर बातमी. उद्याची मोजणी रद्द! काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलेलं होतं. आधीच्या निकालाचा त्यावर परिणाम नको म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांचेच निकाल २१ डिसेंबरला लावायला सांगितले. म्हणजे आमची मतं एकोणीस दिवस कुलपात. कारण पटण्यासारखं होतं. पण गावाला ते पटेना.

संध्याकाळी शेजारचा पोरगा आला. एका उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून दिवसभर बूथवर बसला होता. खिशातून डायरी काढून म्हणाला, "काका, मशीन बंद केलं तेव्हा एकूण आकडा लिहून घेतलाय. सातशे चौदा. आता बघू २१ तारखेला किती निघतात ते."

तो हसत होता, पण डायरी मात्र त्याने परत नीट खिशात ठेवली.

पुढचे एकोणीस दिवस सटाण्यात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर, कांद्याच्या लिलावात, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे कुलूप कोणाकडे, पहारा कोणाचा, कॅमेरा चालू आहे का. त्यात स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट नव्हतं. लोकसभा-विधानसभेला निदान काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते, इथे बटण दाबलं, आवाज आला, नमस्कार. आपला शेतकरी कांद्याची ट्रॉली काट्यावर चढवली की स्वतः खाली उतरून आकडा बघतो. तो काय व्यापाऱ्याला चोर समजतो म्हणून नव्हे. आपला माल आहे, म्हणून बघतो.

याच दिवसांत आमच्याकडे देवमामलेदारांची यात्रा येते. मार्गशीर्ष वद्य एकादशीला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमचं ग्रामदैवत हे एक सरकारी अधिकारी आहेत! यशवंतराव महाराज इथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. वर तक्रार गेली, तपासणी आली, आणि मोजायला बसले तर खजिना जिथल्या तिथे, पैन् पै जुळला, अशी कथा घरोघर सांगतात. पाळणे, शेवेचे ढीग आणि गर्दीतून वाट काढत मी दर्शनाला गेलो, आणि रांगेत मनात आलं की ज्या गावाचा देवच मोजणी जुळली म्हणून देव झाला, त्या गावाला कुलपातल्या आकड्याची काळजी वाटणारच.

ही काळजी आमच्या एकट्याची नाही. २०२४ च्या विधानसभेला २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाच वाजता राज्याचं मतदान ५८.२२ टक्के सांगितलं, रात्री उशिरा ६५.०२, आणि शेवटी ६६.०५. विरोधकांनी विचारलं, ही वाढ कुठून आली? आयोगाने उत्तर दिलं, पाचचा आकडा हा अंदाज असतो, आणि वेळ संपली तरी रांगेतल्यांचं मतदान चालूच राहतं. उत्तर ठीक आहे. दादांच्या तोंडून रात्री आठ-आठपर्यंत चाललेल्या मतदानाच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. पण बूथवर किती मतं पडली ते तिथला केंद्राध्यक्ष फॉर्म १७ सी वर लिहून एजंटांना देतो ना? मग तोच आकडा सगळ्यांसमोर मांडायला कचरायचं कशाला? हा प्रश्न २०२४ च्या लोकसभेच्या वेळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निवडणूक चालू असताना तसा आदेश द्यायला न्यायालयाने २४ मे ला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने आपणहून झालेल्या पाच टप्प्यांचे मतदारसंघवार आकडे जाहीर केले. म्हणजे देता येत होते!

इथपर्यंत तुम्ही मान डोलावत असाल. मीही डोलावतो. पण मला आज खरं सांगायचंय ते दुसऱ्याच भीतीबद्दल. मत मोजलं जाईल ना, ही पहिली भीती. तिच्यावर टीव्हीवर चर्चा होतात. दुसरी भीती अशी, की मत कळेल. तिच्यावर कोणी बोलत नाही, कारण ती ज्यांना वाटते त्यांना टीव्हीवर बोलवत नाहीत.

माझी आत्या आमच्याच बागलाण तालुक्यात एका छोट्या गावात राहते. गावात एकच बूथ. आत्या सत्तरीच्या पुढची, विधवा, जिभेची तिखट. कुठल्याशा निवडणुकीनंतर मी चेष्टेत विचारलं होतं, कोणाला दिलंस गं? तर फटकन म्हणाली, "मत मनं शे, तुले काब्र सांगू?" मला ते फार आवडलं होतं. लोकशाहीवर याहून चांगलं वाक्य मला कोणी ऐकवलेलं नाही.

२०२४ च्या लोकसभेनंतर काही आठवड्यांनी त्यांच्या गावातला एक कार्यकर्ता (पक्ष कोणता, ते जाऊ द्या, सगळ्यांकडे असे असतात) एक कागद घेऊन पारावर बसला. बूथवार निकालाचा कागद. यात बेकायदेशीर काही नाही. बूथवार निकाल प्रसिद्ध होतात, कोणीही छापून घेऊ शकतो. त्याने वाचून दाखवलं, "आपल्या बूथवर एकतीस मतं तिकडं गेली." मग बोटं मोडत एकेक घर मोजायला लागला. धमकी नाही, शिवी नाही, सगळं हसत-खेळत. शेवटी एवढंच म्हणाला, "एकतीस म्हणजे काय, सात-आठ घरं. कळतात आपल्याला."

त्या दिवशी आत्या काहीच बोलली नाही. नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी फोनवर मी तब्येत विचारत होतो, मतदानाचा विषयही काढला नव्हता, आणि तिने आपणहून सांगितलं, "सगळ्यांनी दिलं तिथंच दिलं बाबा या खेपी. उगाच नको."

न विचारता सांगितलं. मला त्याचंच वाईट वाटलं.

आता गैरसमज नको. बागलाणमध्ये तेव्हा दिलीप बोरसे १ लाख २९ हजारांवर मतांच्या फरकाने निवडून आले. एवढा फरक काही पारावरच्या कागदाने पडत नाही, लोकांनी मनापासूनच दिला असणार. आत्याचं एक मत इकडचं तिकडे झालं तरी निकाल तोच लागला असता. पण निकाल तोच लागला म्हणून आत्याचं काही गेलं नाही, असं मला म्हणवत नाही.

दादा असते तर म्हणाले असते, हे आम्हाला माहीत होतं. मतपत्रिकांच्या काळातही कुठल्या गावाच्या पेटीत काय निघालं ते मोजताना दिसायचं आणि मग गावांवर राग निघायचा. म्हणून आयोगाला वाटेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका पिंपात एकत्र मिसळून मग मोजायची सोय नियमांत केली गेली. मतं मिसळली की गाव झाकलं जायचं. मग मशीन आलं. २००४ ची लोकसभा देशभर मशीनवर झाली. मशीनला पिंपात कसं घालणार? प्रत्येक मशीन आपला आकडा वेगळा सांगतं, आणि तो त्या गावाच्या नावापुढे छापला जातो.

यावर उपाय नाही असंही नाही. चौदा-चौदा मशीन एकत्र जोडून फक्त बेरीज दाखवणारं एक यंत्र आहे, टोटलायझर. आयोगाने ते वापरायचं २००८ मध्येच सुचवलं होतं. विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र ते मानलं नाही. पक्षांना बूथवार आकडे लागतात हो! कुठे कमी पडलो, कुठे जोर लावायचा, हे त्यावरून ठरतं. आणि कोणाच्या गल्लीतला रस्ता आधी, कोणाचा नंतर, हेही.

बरं, हे फक्त पारावर होतं असं नाही. मोठ्या आकड्यांतही तेच होतं. आमचा बागलाण धुळे लोकसभेत येतो. २०२४ मध्ये तिथे डॉ. शोभा बच्छाव यांनी डॉ. सुभाष भामरे यांना ३,८३१ मतांनी हरवलं. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत मिळून भामरे सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढे, आणि एकट्या मालेगाव मध्यमध्ये बच्छाव सुमारे १ लाख ९४ हजारांनी पुढे. आकडे खरे आहेत. पण ते सांगितले कसे गेले? पाच विरुद्ध एक. देवेंद्र फडणवीसांनी याच निकालाचं उदाहरण देऊन 'व्होट जिहाद' हा शब्द वापरला. एका शहराच्या मतांवर शिक्का बसला, एकगठ्ठा.

आणि त्याच शहरात सहा महिन्यांच्या आत काय झालं? विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. राज्यातला सगळ्यात कमी फरक. गठ्ठा दोन उमेदवारांत जवळजवळ निम्मा-निम्मा फुटला. इकडे आमच्या बागलाणमध्ये सव्वा लाखाच्या वर फरक, पण आम्हाला कोणी एकगठ्ठा म्हटलं नाही. सटाणा ते मालेगाव बसने तासाभराचा रस्ता. शब्द मात्र वाटेत बदलतात.

त्या 'पाच विरुद्ध एक' मध्ये बागलाणात ज्यांनी बच्छावांना मत दिलं ते कुठे गेले? मालेगाव मध्यमध्ये ज्या काही हजारांनी भामऱ्यांना मत दिलं ते कुठे गेले? त्यांची मतं मोजली गेली, बेरजेत आली, सगळं चोख. पण सांगताना ती माणसं पुसली गेली. आणि पारावर जेव्हा त्यांची आठवण झाली, ती घरं मोजण्यासाठी.

आता माझ्या म्हणण्यातली अडचणही सांगतो, नाहीतर तुम्ही प्रतिक्रियेत सांगालच. सोलापूर जिल्ह्यातलं माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी आठवतं? २०२४ च्या विधानसभेनंतर तिथले गावकरी म्हणाले, आमच्या गावाचा हा आकडा आम्हाला पटत नाही, आम्ही आपल्या आपण मतपत्रिकांवर मतदान घेऊन बघतो. ३ डिसेंबरला ते होणार होतं, प्रशासनाने होऊ दिलं नाही. यंत्राचं खरं-खोटं बाजूला ठेवा. पण त्यांना शंका घेता आली, ती गावाचा आकडा छापला होता म्हणूनच ना? मतं मिसळून टाकली असती तर विचारायलाही जागा राहिली नसती. म्हणजे पहिल्या भीतीचं औषध दुसऱ्या भीतीला वाढवतं. मोजणी जुळवायची तर गाव उघडं पडतं, गाव झाकायचं तर मोजणी अंधारात जाते.

मी यावर पुष्कळ विचार केला. माझ्यापुरतं उत्तर असं. बूथवर एकूण किती मतं पडली, हा आकडा त्याच रात्री सगळ्या जगाला दाखवा. त्याने कोणाचंच मत कळत नाही, आणि पोराच्या डायरीतल्या सातशे चौदाला आधार मिळतो. कोणाला किती पडली, हे मात्र चौदा मशीनची बेरीज करून सांगा. एखाद्या बूथबद्दल तक्रार आली, तर त्या बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या तक्रारदार आणि उमेदवारांसमोर मोजा. गावाचा आकडा कुलपात असावा, पण कुलपाला किल्ली असावी. पक्षांना जोर कुठे लावायचा ते कळणार नाही, हे मान्य. मग सगळीकडेच लावा की!

असो. २१ डिसेंबरला, रविवारी, मोजणी झाली. कोण आलं, कोण पडलं, ते तुम्ही वाचलंच असेल, आणि नातेवाइकांत त्यावरून पुरेसे रुसवे-फुगवे झालेले आहेत. दुपारी शेजारचा पोरगा गुलाल लावून आला (तो कोणाच्याही मिरवणुकीत नाचतो). डायरी उघडून दाखवली. सातशे चौदाच्या पुढे त्याने बरोबरची खूण केली होती. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू खजिना त्यानेच मोजलाय.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. संध्याकाळी आत्याला फोन करून सांगितलं, आमच्याकडचा आकडा जुळला गं. ती म्हणाली, "बरं झालं." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुमच्याकडंबी कागद निघतो का रे?"

मी म्हटलं, निघतो.