ओवाळणी आणि वाटणी

जेन ऑस्टिनच्या कादंबरीत गावात नवा तरुण आला की त्याच्या नाकाडोळ्यांआधी त्याचं वार्षिक उत्पन्न कळतं. बिंगलेचे चार-पाच हजार पौंड, डार्सीचे दहा हजार. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) आपण प्रेमकथा म्हणून वाचतो आणि पाच मुलींच्या आईला, मिसेस बेनेटला, यथेच्छ हसतो. सदा जावयांच्या शोधात असलेली तोंडाळ बाई! पण त्या घराचा जमाखर्च पाहा. वडिलांना वर्षाला दोन हजार पौंड मिळतात ते जमिनीतून, आणि ती जमीन पुरुष वारसाकडेच जायची अशी तजवीज आधीच होऊन बसली आहे. मुलगा नाही, म्हणजे बापाचे डोळे मिटले की घर लांबच्या भाऊबंदाचं. पुस्तकांच्या खोलीत बसून विनोद करणाऱ्या नवऱ्यापेक्षा ही बाई शहाणी, असं मला हल्ली फार वाटतं. सत्ताविशीतली शार्लट लुकस त्याच भाऊबंदाशी लग्न करते. प्रेम नाही हे तिला ठाऊक आहे, छप्पर हवं हेही ठाऊक आहे. बेनेटांची एलिझाबेथ तिला नावं ठेवते. वीस वर्षांच्या मुलीला तेवढं परवडतं.

यंदाच्या अंकातला विशेष विभाग स्त्रियांनी लिहिलेल्या अभिजात कादंबऱ्यांचा आहे. लेख मागवताना लेखकांना एवढंच सुचवलं होतं की नायिका किती सोसते यापेक्षा तिच्या नावावर काय आहे, ते बघा. छळाची गोष्ट वाचली की सगळा दोष एका वाईट नवऱ्याच्या माथी जातो आणि बाकीचे मोकळे होतात, वाचणारे पुरुषही. घर, पैसा आणि मूल कोणाचं, असं विचारलं की चांगल्या नवऱ्यालाही सुटका नाही.

ॲन ब्राँटेची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' (1848) आपल्याकडे तिच्या बहिणींच्या पुस्तकांइतकी वाचली गेली नाही. त्यातली हेलन चित्रं काढते. दारुड्या नवऱ्यापासून लहान मुलाला दूर न्यायचं आणि चित्रं विकून जगायचं, असा तिचा बेत आहे. नवरा तिची रोजनिशी वाचतो, तिच्या किल्ल्या काढून घेतो आणि रंग, कुंचले, कॅनव्हास आगीत टाकतो. हात उगारण्याची त्याला गरजच पडत नाही, कारण त्या काळच्या इंग्लंडचा कायदा पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे. बायकोचा पैसा नवऱ्याचा, चित्रांचे आलेले पैसेही त्याचेच आणि मुलगाही त्याचाच. विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला 1870 मध्ये, स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क 1882 मध्ये. हेलन अखेर मुलाला घेऊन पळते, आईच्या माहेरचं आडनाव लावून एका पडक्या वाड्यात राहते आणि चित्रं विकते. कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर ती स्वतःच्याच कमाईची चोर आहे. ॲन गेल्यावर तिच्या थोरल्या बहिणीने, शार्लटने, या कादंबरीचा विषयच चुकला असं म्हटलं आणि तिची नवी आवृत्ती निघू दिली नाही. गंमत अशी की खुद्द शार्लटची जेन एअर वर्षाला तीस पौंडांवर मास्तरीणपणा करते आणि प्रियकर रॉचेस्टरकडे परतते ती वारशाचे वीस हजार पौंड हाती आल्यावर. तेही चौघांत सारखे वाटून.

मराठीत हा जमाखर्च सर्वांत निर्भीडपणे मांडला तो विभावरी शिरूरकरांनी, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी. 'कळ्यांचे निःश्वास' (1933) हा खरं तर कथासंग्रह, पण त्याला वगळून पुढे जाता येत नाही. मुलगी शिकली, मिळवती झाली आणि तिच्या पगारावर वडिलांचं घर चालू लागलं की तिच्या लग्नाची घाई कोणालाच उरत नाही, हे त्यांनी लिहिलं तेव्हा पांढरपेशा घरांना झोंबलं. पुढल्याच वर्षी आलेल्या 'हिंदोळ्यावर'मधली अचला नवऱ्याने टाकलेली आहे. तिचं विरागवर प्रेम आहे, पण लग्न करायची सोय नाही. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो 1947 मध्ये. टीकाकार तिच्या नीतीबद्दल बोलत राहिले. तिच्यापुढे कोणती वाट खुली होती, हे विचारण्याच्या भानगडीत फारसं कोणी पडलं नाही.

आता भाऊबीजेचं. भाऊ तबकात ओवाळणी घालतो, बहिणीला साडी मिळते, फराळ होतो. दिवाळी सरली की काही घरांत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फेरी होते आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. महाराष्ट्राने 1994 मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला, 2005 मध्ये देशभर सगळ्याच मुलींना तो मिळाला. तरी सातबाऱ्यावरून नाव उतरवायला बहीण स्वतः होऊन जाते. 'माहेर तुटायला नको गं,' एवढंच तिचं कारण. यात कोणी दुष्ट नसतं, भाऊ तर बहुधा प्रेमळच असतो. ऑस्टिन हा प्रसंग दोन पानांत, ओठांतल्या ओठांत हसत लिहून गेली असती.

हातात पैसा आला की सगळं मिटतं, असं मात्र नाही. गौरी देशपांडे यांच्या नायिका सुखवस्तू आहेत, प्रवास करतात, इंग्रजी वाचतात, म्हणून त्यांच्या व्यथा खोट्या, असा आक्षेप अनेकदा घेतला गेला. मला तो पटत नाही. छप्पर आणि पगार दोन्ही असलेल्या बाईलाही 'मी कोणाची?' हे का विचारावं लागतं, हा त्यांचा प्रश्न उपाशी बाईच्या प्रश्नाहून हलका असेल, पण खोटा नाही. या मुद्द्यावर आमच्या दोन लेखकांचं एकमत झालं नाही. दोन्ही लेख शेजारी-शेजारी छापले आहेत.

विभागात एक उणीव राहिली आहे. काशीबाई कानिटकरांनी 1928 मध्ये, 'पालखीचा गोंडा'मध्ये, एका संस्थानाचा कारभारच बाईच्या हाती देऊन पाहिला होता. गीता साने यांनी 1930च्या दशकात 'निखळलेली हिरकणी', 'वठलेला वृक्ष' अशा कादंबऱ्यांतून लग्नसंस्थेलाच हात घातला. या कादंबऱ्या आज सहज हाती लागत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर स्वतंत्र लेख करता आला नाही. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या पेटीत यांतली एखादी प्रत निघाली, तर रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला कळवा. आम्ही नेऊन, वाचून, परत आणून देऊ.