दाढीला ब्लेड किती हवेत? माझ्या मते एकच पुरे!



मागच्या उन्हाळ्यात पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण ओपीडीत आला. तोंडाला रुमाल बांधलेला. बीडच्या उन्हात त्यात नवल काही नाही, पण आत येऊन बसल्यावरही तो रुमाल काढेना. काढला तेव्हा कारण कळलं. हनुवटीखाली आणि मानेवर लाल फोड, काहींत पू, मधेमधे काळे डाग. गालाची कातडी पातळ आणि लालबुंद झालेली.

"डॉक्टर, मलम लावलं की कमी होतंय, सोडलं की दुप्पट येतंय."

मलम मित्राच्या सांगण्यावरून आणलेलं, चिठ्ठीशिवाय. एकाच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. दाढी कशी करतोस, असं विचारलं. उत्तर मिळालं, "रोज. तीन ब्लेडचं रेझर आहे. रूमवर पाणी कमी असतंय म्हणून कोरडीच करतो. दोन-तीनदा उलटं फिरवलं की गुळगुळीत होती." ब्लेड किती दिवसांनी बदलतोस? "महिना तर जातोच. महाग आहे ना."

कारखाने बंद होऊन वडील नुकतेच ऊसतोडीवरून परतले होते, तेही सोबत होते. चेहरा उन्हाने रापलेला, पण एक फोड नाही. ते म्हणाले, "आपलं जुनं दाढीचं मशीन हाय. दुधारी ब्लेड, साबण अन् तांब्याभर पाणी. कोपीवर दुसरं काय असतंय?"

एका बापलेकावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण त्या दिवशी मनात आलं की या विषयावर आपण लिहायला हवं.

जुनी पद्धत, नवी हौस

पुण्या-मुंबईत आणि जगभरात काही हौशी मंडळी पुन्हा जुन्या पद्धतीने दाढी करू लागली आहेत. ब्रशने साबणाचा दाट फेस काढायचा आणि धातूच्या सेफ्टी रेझरमध्ये एकच दुधारी ब्लेड लावून सावकाश दाढी करायची. याला ते 'वेट शेव्हिंग' म्हणतात. तुमच्या-माझ्या वडिलांना मात्र यात काही वेगळं वाटणार नाही, कारण त्यांच्यासाठी दाढी म्हणजे हेच होतं.

या रेझरचं पेटंट अमेरिकेत किंग कँप जिलेट यांना १९०४ मध्ये मिळालं. आदल्या वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, त्यांच्या कंपनीची विक्री होती फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड! वस्तऱ्याची पूर्ण धार उघडी असते. सेफ्टी रेझरमध्ये धारेचा जेमतेम कडेचा भाग त्वचेला लागतो, म्हणून खोल जखम होत नाही. 'सेफ्टी' ती एवढीच.

पुढे १९७१ मध्ये दोन ब्लेडचं, १९९८ मध्ये तीन ब्लेडचं आणि २००६ मध्ये पाच ब्लेडचं रेझर आलं. जाहिरातींतून आपल्या मनावर ठसलं की ब्लेड जितके जास्त, तितकी दाढी चांगली.

त्वचेच्या नजरेतून

अनेक ब्लेडच्या रेझरमध्ये पहिलं ब्लेड केस थोडा वर ओढतं आणि तो परत आत जाण्याआधी मागचं ब्लेड तो कापतं. कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. म्हणूनच हात फिरवल्यावर एकदम गुळगुळीत लागतं. पण केस जाड किंवा कुरळा असेल, तर वाढताना ते तिरपं, टोकदार टोक बाहेर येण्याऐवजी आतच त्वचेत घुसतं. शरीराला ते काट्यासारखं वाटतं. सूज येते, फोड येतो, डाग राहतो. मानेवर केस वेगवेगळ्या दिशांना वाढतात, म्हणून हा त्रास तिथे जास्त.

यावर डॉक्टरांमध्ये पूर्ण एकमत नाही, हेही सांगायला हवं. केस नीट भिजवून, रोज आणि हलक्या हाताने केली तर जास्त ब्लेडच्या रेझरनेही त्रास वाढत नाही, असं दाखवणारे अभ्यास आहेत. म्हणजे दोष एकट्या ब्लेडच्या संख्येचा नाही. कोरडी त्वचा, बोथट ब्लेड, दाब आणि उलट्या दिशेने फिरवणं हे खरे दोषी. आमच्या त्या तरुणाने चारही एकत्र केले होते.

पाणी किती, यावर सगळं अवलंबून

२००२ मध्ये एका मोठ्या कंपनीने भारतासाठी खास रेझर आणलं. त्याची चाचणी घेतली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना ते आवडलं. पण भारतात ते चाललं नाही, कारण इथे कोट्यवधी लोक नळाखाली नव्हे, तर मगभर पाण्यात रेझर बुडवून दाढी करतात. मगात अडकलेले केस निघेनात. शेवटी कंपनीची माणसं इथे लोकांच्या घरी जाऊन बसली आणि २०१० मध्ये त्यांनी एकाच ब्लेडचं, सहज धुता येणारं स्वस्त रेझर काढलं.

बीडकरांना हे वेगळं समजावायला नको. ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघावी लागते, तिथे वाहत्या पाण्याखाली धुवायचं रेझर घेऊन काय करायचं? ब्लेडांच्या मधे केस आणि साबण साचतो, मग माणूस आणखी जोर लावतो. दुधारी ब्लेडचं रेझर तांब्याभर पाण्यात हलवलं की साफ. ब्लेड दोन-पाच रुपयांचं, त्यामुळे वेळेवर बदलायला जीवावर येत नाही. माझ्या मते आपल्यासाठी त्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

हौशी मंडळींशी माझा मतभेद

हौस म्हणून महागडे ब्रश आणि सुगंधी साबण जरूर घ्या, पण ते औषध नव्हे. आणि एकाच दाढीत तीनदा रेझर फिरवून, शेवटी उलट्या दिशेने, 'लहान बाळासारखे गाल' करण्याचा आग्रह तर मला पटत नाही. ज्यांना फोड येतात, त्यांनी जरा खरखरीत गाल स्वीकारावेत. त्वचेचं आरोग्य महत्त्वाचं, गुळगुळीतपणा नाही.

दाढी कशी करावी?

१. आंघोळीनंतर करा, किंवा ओल्या कोमट पंचाने चेहरा दोन-तीन मिनिटं भिजू द्या. ओला केस मऊ पडतो, कापायला जोर लागत नाही.
२. बोअरच्या जड पाण्यात फेस होत नाही. फेसापुरतं उकळून गार केलेलं किंवा जारचं पाणी घ्या. दोन-तीन चमचे पुरतात.
३. रेझर साधारण ३० अंशांत तिरपं धरा. दाबू नका, त्याच्या वजनानेच चालू द्या.
४. केस ज्या दिशेला वाढतात, त्याच दिशेला फिरवा. मानेवर आधी बोटाने दिशा पाहा.
५. शेवटी साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्या. तुरटी चालेल, पण ती स्वतःची हवी. जळजळ होत असेल तर आफ्टरशेव्ह टाळा.
६. ब्लेड तीन ते पाच दाढ्यांनंतर बदला. ओढल्यासारखं वाटलं तर त्याआधीच.
७. जुनं ब्लेड कचऱ्यात मोकळं टाकू नका. सफाई कामगाराचा हात कापतो, उकिरड्यावर चरणाऱ्या गुरांच्या तोंडात जातं. रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात साठवा.

सलूनमध्ये करत असाल तर

२८ जून २०२० ला महाराष्ट्रात सलून उघडली, तेव्हा कटिंगला परवानगी होती, दाढीला नव्हती. त्या काळात अनेकांनी घरी दाढी करायची सवय लावून घेतली. ती मोडली असेल, तर पुन्हा लावा, असं मी म्हणेन.

सलूनमध्ये करायचीच असेल, तर ब्लेड तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. आपले बहुतेक सलूनवाले आता ते आपणहून करतात. पण एकच तुरटी दहा जणांच्या गालांवर फिरते, त्याकडे आपलं लक्ष नसतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरतो. एचआयव्ही मात्र बाहेर फार टिकत नाही, त्याचा दाढीतून धोका अगदी कमी. म्हणजे लोक ज्याला घाबरतात त्यापेक्षा मोठा धोका ज्याचं नाव घेत नाहीत त्याचा आहे. हिपॅटायटिस बी ची लस उपलब्ध आहे, ती घ्या. आणि घरातही बापलेकांनी, भावाभावांनी एक ब्लेड वापरू नये.

हे रेझर कोणासाठी नाही?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हात थरथरत असतील किंवा नजर कमी झाली असेल, तर विजेवर चालणारा ट्रिमरच बरा. मधुमेह असेल तर छोट्या कापाकडेही दुर्लक्ष करू नका. चेहऱ्यावर गजकर्ण, मस किंवा पू असलेले फोड असतील, तर ते बरे होईपर्यंत ब्लेड लावूच नका.

त्या तरुणाचं काय झालं?

स्टेरॉइडचं मलम बंद केलं, उपचार सुरू केले आणि चार आठवडे दाढी करू नकोस असं सांगितलं. तो रडवेला झाला. "अकॅडमीत सर ग्राउंडवर उभं करीत नाहीत दाढी असली तर." मग मी चिठ्ठी लिहून दिली, वैद्यकीय कारणासाठी दाढीची सूट द्यावी अशी. सरांनी ती मानली. दुसऱ्या महिन्यात त्याने वडिलांचं मशीन घेतलं, ब्लेड मात्र स्वतःचं. आता नवे फोड क्वचित येतात. डाग अजून आहेत, ते जायला महिने लागतील. स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचा पूर्वीसारखी होईल का, हे मी त्याला ठामपणे सांगू शकलो नाही.

म्हणून विनंती एवढीच. दाढीनंतर फोड येत असतील, तर आधी दाढीची पद्धत बदला. दुकानात जाऊन "एखादं मलम द्या" म्हणू नका. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर आपल्या डॉक्टरांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवा. आणि येताना रुमाल काढून या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.