सर्वांत विलक्षण ग्रह कोणता?

सूर्याभोवती फिरणाऱ्या आठ ग्रहांत सर्वांत विलक्षण ग्रह कोणता, असा प्रश्न चारचौघांत निघाला, की लगेच निरनिराळे पक्ष पडतात. कोणी गुरूचा कैवार घेतो. कारण इतर सात ग्रहांत मिळून जेवढे द्रव्य आहे, त्याच्या दुपटीहून अधिक द्रव्य एकट्या गुरूत सामावलेले आहे. कोणी शनीच्या कड्यांवर लुब्ध होतो. कोणाला मंगळ प्रिय असतो. तेथील ऑलिंपस हा ज्वालामुखी पर्वत एव्हरेस्टच्या दुपटीहूनही उंच आहे, आणि २०१४ साली भारताचे यानही मंगळाच्या कक्षेत जाऊन पोहोचले. या साऱ्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही शांतपणे विचार केला, तर हा मान शुक्रालाच द्यावा लागेल.

वरवर पाहता शुक्रात नवल वाटण्याजोगे काही दिसत नाही. तो दुर्बिणीवाचूनही दिसतो. पहाटे पूर्वेस किंवा संध्याकाळी पश्चिमेस चमकणारी शुक्राची चांदणी लहान मुलासही ओळखता येते. आकारानेही तो पृथ्वीच्या जवळपास आहे. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर, तर शुक्राचा सुमारे १२,१०० किलोमीटर. म्हणूनच त्याला पृथ्वीचे जुळे भावंड म्हणत. त्याच्यावर सदैव दाट ढगांचे आवरण असते. त्या ढगांखाली हिरवीगार अरण्ये असतील, अशी कल्पनाही एके काळी काही जणांनी केली होती.

परंतु दुरून डोंगर साजरे! १९७० साली सोव्हिएत रशियाचे 'व्हेनेरा ७' हे यान शुक्रावर उतरले आणि त्याने तेथून संदेश पाठविले. पुढे १९८२ साली उतरलेले 'व्हेनेरा १३' जेमतेम दोन तास तग धरू शकले. तेथील उष्णता सुमारे ४६० अंश सेल्सिअस असते. एवढ्या उष्णतेत शिसेदेखील वितळून जाते. हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या नव्वदपटीहून अधिक आहे. ज्या शुभ्र ढगांमुळे शुक्र इतका तेजस्वी दिसतो, ते ढग पाण्याचे नसून गंधकाम्लाचे आहेत!

बुध हा शुक्रापेक्षा सूर्याच्या अधिक जवळ असूनही शुक्राइतका तापत नाही. याचे कारण शुक्राच्या हवेत आहे. त्या दाट हवेत सुमारे ९६ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड आहे. सूर्याचा जो थोडा प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो, त्याने ती तापते. परंतु ही उष्णता बाहेर जाऊ पाहते, तेव्हा हा वायू तिला अडवून धरतो. पृथ्वीवरही कार्बन काही कमी नाही. मात्र तो फार मोठ्या प्रमाणात चुनखडीसारख्या खडकांत बंदिस्त झाला आहे. हवेत त्याचा अंश अगदी अल्प राहिला आहे. म्हणूनच येथे नद्या वाहतात आणि शेते पिकतात.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की जेथे मनुष्याला पाऊलही ठेवता येत नाही, त्या ग्रहाचे एवढे कौतुक कशासाठी? त्यापेक्षा मंगळ बरा. तेथे पुढेमागे वस्ती तरी करता येईल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु विलक्षणपणा हा केवळ उपयोगाच्या मापाने मोजावयाचा नसतो. शिवाय शुक्राकडून मिळणारे ज्ञान तर फारच उपयोगाचे आहे. गुरूचा प्रचंडपणा आणि शनीची कडी पाहून मन थक्क होते. शुक्र मात्र मनुष्याला स्वतःच्या घराकडे पाहावयास लावतो. जवळजवळ सारख्याच आकाराच्या दोन ग्रहांपैकी एकावर जीवसृष्टी बहरली आणि दुसरा भट्टीसारखा तापला, यात हवेचा वाटा फार मोठा आहे. आज कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्य पृथ्वीच्या हवेत तोच वायू वाढवीत आहे. पृथ्वी त्यामुळे शुक्रासारखी होईल असे नव्हे. परंतु हवेतील थोड्याशा फरकानेही पाऊस, पिके आणि समुद्र यांची घडी विसकटू शकते. हा धडा ज्याच्यापासून शिकता येतो, तो शुक्रच सर्व ग्रहांत अधिक विलक्षण मानला पाहिजे.