'बाय' दाबण्याआधी थोडं थांबा

राजेहो, मे महिन्यात बेसात वरच्या मजल्यावरच्या खोलीत पीसीवर गेम खेळून पाहिलाय कधी? बाहेर पंचेचाळीस अंश, खिडकीत कूलर घरघरतोय, आणि टेबलाखाली सीपीयूची पेटी शेगडीसारखी तापलेली. घरमालकीण काकू खालून ओरडतात, "अरे पोरा, बिल किती येईल काही अंदाज आहे का?" एवढं सगळं सोसून आपण खेळतो. मग गेम विकत घेतानाच इतके बेफिकीर का होतो?

माझीच गोष्ट सांगतो. सेकंड इयरला असताना डब्याचे पैसे वाचवून एक मोठा गेम रिलीजच्या आधीच बुक केला होता. ट्रेलर पाहूनच पागल झालो होतो. रिलीजच्या दिवशी रात्रभर डाउनलोड लावलं, सकाळचं लेक्चर बुडवलं, आणि गेम दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला. दोष कंपनीचा होता, पण घाई माझी होती. काहून आधी पैसे द्यायचे? डाउनलोडचा माल काही संपत नाही. दुकानासमोर रांग लागायची, सीडी संपायच्या, तेव्हा आगाऊ बुकिंगला अर्थ होता.

'सायबरपंक 2077' आठवा. 10 डिसेंबर 2020ला आला, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, इतका तो जुन्या कन्सोलवर अडखळत होता. पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि 2023च्या मोठ्या अपडेटनंतर त्याच गेमचं लोक तोंड भरून कौतुक करू लागले. म्हणजे ज्यानं वाट पाहिली, त्याला चांगला गेम मिळाला आणि तोही सेलमध्ये, कमी पैशात. ज्यानं घाई केली, त्यानं पूर्ण पैसे मोजून कंपनीच्या चाचणीचं काम फुकटात केलं.

घेतलाच, आणि चालला नाही, तर? स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर साधारणपणे पैसे परत मिळतात. हा नियम 2015पासून आहे, पण आपल्यापैकी कितीतरी जणांना तो माहीतच नसतो. मलाही नव्हता. गेम चालत नसेल तर सेटिंगशी झटापट करत तीन तास घालवू नका. घड्याळाकडे बघा.

आता जरा कडू गोष्ट. 'बाय' दाबून आपण गेम विकत घेतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आपण तो वापरायचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियाने 2024मध्ये कायदा केला की ग्राहकाला हे स्पष्ट सांगा. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टीमनेही पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा कार रेसिंगचा गेम एकट्यानं खेळायचा असला तरी सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. 31 मार्च 2024ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांच्याही हाती काही उरलं नाही. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै 2025मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

म्हणून घेताना एवढं तरी तपासा: इंटरनेट नसताना हा गेम चालतो का? लाइट गेली की वायफायही जातं, हे बेसातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. पोलंडचं 'जीओजी' हे दुकान कुलूप नसलेली इन्स्टॉल फाइल देतं. ती हार्ड डिस्कवर ठेवली की उद्या दुकान राहो न राहो, गेम आपल्यापाशी राहतो. एपिक दर आठवड्याला फुकट गेम वाटतं, ते जरूर घ्या. पण फुकट मिळालेले शंभर गेम लायब्ररीत पडून असताना एकशे एकावा विकत घेणं, हा छंद नाही, साठेबाजी आहे.

"मग क्रॅकच बरा की!" असं म्हणणारा एक तरी भाऊ प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. मीही तो होतो. माझ्या एका मित्राने असाच क्रॅक टाकला आणि सबमिशनच्या तीन दिवस आधी त्याच्या लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइली लॉक झाल्या. प्रोजेक्ट गेला, फोटो गेले. आणि पूर्वीची सबबही आता उरलेली नाही. एकेकाळी किमती डॉलरमध्ये असायच्या, परदेशी व्यवहार करणारं कार्ड लागायचं. 2015च्या शेवटापासून स्टीमवर रुपयांत किमती आहेत, आता यूपीआयही चालतं.

आणि क्रॅक करतो तेव्हा आपण कुणाचं नुकसान करतो? दर वेळी अमेरिकेतल्या बड्या कंपनीचंच असं नाही. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' बनवला. 2017 साली लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी टीमनं काम सोडलं नाही आणि 2020मध्ये गेम आला. हरवलेल्या भावाला शोधणारी बहीण, राजस्थानी वास्तूंच्या धर्तीवरचे महाल, आपल्या पुराणांतले देव-असुर. गेम परिपूर्ण नाही, मारामारी कधीकधी अडखळते. पण तो पुण्यात बनला. अशा लहान टीमला आपले काहीशे रुपये आणि आपला रिव्ह्यू, दोन्ही मोलाचे. स्टीमवर दहा रिव्ह्यू झाल्याशिवाय गेमला शेराच मिळत नाही. दहा! एका वर्गातल्या शेवटच्या दोन बाकांवरची पोरं मिळूनही तेवढी होतात.

रिव्ह्यूमध्ये ताकद किती, ते मे 2024मध्ये दिसलं. 'हेलडायव्हर्स 2'च्या पीसी खेळाडूंवर सोनीने आपलं खातं जोडायची सक्ती केली. पुष्कळ देशांत ते खातं उघडताच येत नव्हतं. दोनतीन दिवसांत दोन लाखांवर नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि सोनीला माघार घ्यावी लागली.

पण हीच गर्दी दुसऱ्या दिवशी काय करते, तेही आपण बघतो. आपल्याच कॉलेजच्या डिस्कॉर्डवर एखादी मुलगी माइक सुरू करते आणि पुढची दहा मिनिटं खेळ बाजूला राहतो. माझ्या वर्गातली एक जण आमच्यापेक्षा कितीतरी चांगली खेळते, पण माइक कायम बंद ठेवते. "बोलले की तेच सुरू होतं नं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी ग्रुपमध्ये मीही होतो आणि मी काही बोललो नव्हतो. कंपनीला दोन दिवसांत नमवणाऱ्या आपल्याला, ग्रुपमधल्या एका पोराला "गप बे" म्हणता येत नाही?

तर राजेहो, पुढचा सेल लागेल तेव्हा आधी लायब्ररी बघा, मग रिव्ह्यू वाचा, मग पैसे काढा. आवडलेल्या लहान गेमवर चार ओळी लिहा. आणि आज रात्री ग्रुपमध्ये कुणी माइक सुरू केला, तर तिला खेळू द्या.